मैदान आणि पाणवठा

महाड आणि पोलादपूर हा मुलूख सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेला आहे. सावित्री, काळ आणि गांधारी या नद्या पावसाळ्यात येथे दुथडी भरून वाहतात, आणि फाल्गुन सरला म्हणजे डोंगरावरच्या वाड्यांतून हंडाभर पाण्यासाठी पायपीट सुरू होते. परंतु पाण्याविषयीची या मुलखाची जी कथा साऱ्या देशाला ठाऊक आहे ती टंचाईची नव्हे. महाडचे चवदार तळे भरलेले होते. उणीव होती ती ते पाणी ओंजळीत घेण्याची मुभा काही माणसांना नसण्याची. काळ नदीच्या काठच्या बिरवाडीतील शाळकरी पोरालाही २० मार्च १९२७ ही तारीख तोंडपाठ असते. त्याच कथेला लागून वाचावी अशी दुसरी एक कथा मात्र फारशी सांगितली जात नाही. ती तळ्याच्या काठी घडली नाही. ती घडली पुण्यामुंबईच्या क्रिकेटच्या मैदानावर, आणि तिचा नायक होता बाळू पालवणकर.

बाळूंचे घराणे कोकणातले. पालवण या गावावरून त्यांना पालवणकर हे आडनाव मिळाले. जातीने ते चांभार. महाडच्या शेजारी चांभारगड नावाचा डोंगरी किल्ला उभा आहे. एका जातीचे नाव शतकानुशतके माथ्यावर मिरविणाऱ्या त्या गडाच्या पायथ्याशी त्याच जातीच्या माणसाला पाणवठा मोकळा नसावा, ही विसंगती आमच्या इतिहासात इतकी अंगवळणी पडली होती की ती कोणाला विसंगती वाटतही नसे. कोकणातील अशा गरीब घरांतील पुरुषांना एकोणिसाव्या शतकात गावाबाहेर पडण्याच्या वाटा दोन : एक मुंबईची, दुसरी पलटणीची. महाडनजीकच्या रावढळ गावचे गोपाळबाबा वलंगकर याच दुसऱ्या वाटेने गेले, निवृत्त होऊन परतले, आणि १८८८ साली ‘विटाळ विध्वंसन’ लिहून त्यांनी शास्त्री-पंडितांपुढे अस्पृश्यतेविषयी प्रश्नांची माळ ठेवली. १८९५ साली त्यांची महाडच्या लोकल बोर्डावर नेमणूक झाली तेव्हा त्यांच्या शेजारी बसण्यावरून केवढा गहजब उडाला होता! बाळूंचे वडीलही लष्कराच्याच चाकरीत होते. १९ मार्च १८७६ रोजी बाळूंचा जन्म झाला तो धारवाडात, आणि पुढे हे कुटुंब पुण्यास आले.

पुण्यात गोरे अधिकारी क्रिकेट खेळत. त्यांनी टाकून दिलेल्या बॅटी आणि झिजलेले चेंडू घेऊन लष्करी चाकरांची मुले तोच खेळ खेळू लागली. बाळू आणि त्यांचा धाकटा भाऊ शिवराम यांची क्रिकेटची शाळा ही अशी होती. शिकवणारा कोणी नव्हता. पाहणे आणि करून पाहणे एवढाच अभ्यासक्रम. पुढे पारशी मंडळींच्या एका क्लबात बाळूंना नोकरी लागली. मैदान झाडणे, त्यावर रूळ फिरविणे आणि सभासदांस हवे तेव्हा सरावासाठी चेंडू टाकणे, ही कामे. वेतन महिना तीन रुपये. १८९२ च्या सुमारास ते गोऱ्यांच्या पूना क्लबात दाखल झाले. तेथेही झाडलोट होतीच, जाळी बांधणे होते, खेळपट्टीची निगराणी होती. परंतु त्या क्लबाच्या एका खेळाडूला बाळूंच्या डावऱ्या हातातील गुण दिसला. त्याचे नाव जे. जी. ग्रेग. हिंदुस्थानातील त्या काळच्या गोऱ्या फलंदाजांत त्याची गणना अग्रभागी होत असे.

ग्रेग इतरांच्या आधी मैदानावर येई आणि बाळूंकडून तासन् तास चेंडू टाकवून घेई. आपल्याला बाद केल्यास दर वेळी आठ आणे, असा त्याचा वायदा होता अशी आख्यायिका आहे. आख्यायिका बाजूला ठेवली तरी त्या तासांचे फळ खोटे नव्हे. मंदगती डावखुरी गोलंदाजी ही सहनशील माणसाची कला आहे. चेंडू हवेत किती उंच जाऊ द्यावा, कोठे पडू द्यावा, कोणत्या चेंडूने फलंदाजाला निर्धास्त करावे आणि कोणत्याने फसवावे, हे सारे हजारो चेंडू टाकल्यावाचून कळत नाही. बाळूंना दोन्ही बाजूंना चेंडू वळविता येऊ लागला, आणि एकाच ठिकाणी तो पुनःपुन्हा टाकता येऊ लागला. या साऱ्या वर्षांत पूना क्लबाने त्यांच्या हाती बॅट मात्र एकदाही दिली नाही. फलंदाजी हा साहेबांचा मान. चेंडू टाकणे ही मजुरी. खेळातही श्रमविभाग होता, आणि तो कोणी कोणाला समजावून सांगावा लागत नसे.

पुण्यातील हिंदू खेळाडूंचा क्लब गोऱ्यांशी सामना खेळू इच्छीत होता. गोऱ्यांना नमविण्याचे साधन त्यांच्याच क्लबात मैदान झाडीत होते, ही वार्ता कोणापासून लपलेली नव्हती. बाळूंना संघात घ्यावे की नाही यावर वाद झाला. काही सभासद अनुकूल होते, काही जातीच्या विचाराने प्रतिकूल. अखेर विजयाची इच्छा विटाळाच्या भीतीहून प्रबळ ठरली आणि बाळूंना घेण्यात आले. पण कसे? मैदानावर ते सर्वांबरोबर एकच चेंडू हाताळीत. खेळ थांबला म्हणजे इतर जण मंडपात चिनी मातीच्या पेल्यांतून चहा घेत, तर बाळूंचा चहा मंडपाबाहेर, साध्या मातीच्या भांड्यात. जेवणाचे ताट निराळे, मेज निराळे. हाततोंड धुवायचे झाल्यास मैदानाच्या कोपऱ्यात क्लबाचा अस्पृश्य नोकर पाणी घेऊन येई. वाचकांनी येथे क्षणभर थांबून विचार करावा. ज्या चेंडूला बाळूंची बोटे लागली तो चेंडू झेलताना ब्राह्मणाच्या हाताला विटाळ होत नव्हता. त्याच बोटांचा स्पर्श पेल्याला झाला तर मात्र होत होता. कातड्याच्या चेंडूला जे साधले ते पाण्याला साधले नाही.

साताऱ्याच्या गोऱ्या जिमखान्याविरुद्ध झालेल्या सामन्याची हकिकत त्या काळी मोठ्या कौतुकाने सांगितली जाई. यजमानांनी बाळूंच्या गोलंदाजीचा धाक घेऊन खेळपट्टीवर दिवसचे दिवस रूळ फिरवून ती निर्जीव करून टाकली होती; तरीही बाळूंनी सात बळी घेतले आणि पुणेकर जिंकून परतले. न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक या दोघांनीही या खेळाडूचा जाहीर गौरव केल्याचे सांगतात. राजकारणात आणि समाजकारणात ज्यांची तोंडे दोन दिशांना, त्यांना एका चांभार गोलंदाजाच्या गळ्यात हार घालताना एकत्र यावेसे वाटले, यावरून त्या विजयाचे मोल कळते.

पुढे प्लेगच्या वर्षांत बाळू मुंबईस गेले. तेथे परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्यात त्यांना घेण्यावरून पुन्हा तोच वाद झाला आणि पुन्हा तोच निकाल लागला. रेल्वेतील नोकरी आणि जिमखान्याकडून क्रिकेट, असा त्यांचा जीवनक्रम सुरू झाला. १९०६ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या जिमखान्यावर हिंदू आणि युरोपियन यांचा जो सामना झाला तो या कारकीर्दीतील पहिला मोठा टप्पा होय. हिंदूंनी २४२ आणि १६० धावा केल्या. युरोपियनांचे डाव १९१ आणि १०२ धावांत आटोपले. १०९ धावांनी हिंदू संघ विजयी झाला. बाळू आणि शिवराम हे दोघेही त्या संघात होते. वंगभंगाने देश तापलेला असताना मिळालेल्या या विजयाचा आनंद रस्त्यारस्त्यांतून ओसंडला. ‘इंडियन सोशल रिफॉर्मर’ या सुधारकांच्या पत्राने मात्र धावांपेक्षा दुसऱ्याच गोष्टीचे महत्त्व ओळखले. ज्या हिंदूंनी आपल्या अस्पृश्य बांधवांना सोबत घेतले, त्यांच्याबरोबर बसून जेवले, ते हिंदू जिंकले, हा त्या पत्राला दिसलेला अर्थ होता. म्हणजे पुण्याच्या मंडपाबाहेरील मातीचे भांडे मुंबईस येईपर्यंत गळून पडले होते. हा पल्ला एका माणसाच्या बोटांनी दहा-बारा वर्षांत गाठला होता, आणि तो क्षुल्लक नव्हता.

१९११ साली पतियाळाच्या तरुण महाराजांच्या नेतृत्वाखाली हिंदुस्थानचा पहिला सर्वजातीय संघ इंग्लंडला गेला. त्या संघात पारशी होते, मुसलमान होते, ब्राह्मण होते, आणि पालवणकर बंधूंपैकी बाळू व शिवराम होते. सांघिक दृष्टीने तो दौरा निराशेचाच ठरला. पराभव अनेक, विजय मोजके. लेस्टरशायर आणि सॉमरसेट या परगण्यांवरील विजय हीच काय ती सांत्वनाची ठिकाणे. त्या पडझडीत बाळूंनी सर्व सामने मिळून ११४ बळी घेतले, ते सरासरी १८.८६ धावांनी. त्यांतील ७५ बळी प्रथम श्रेणीच्या सामन्यांतले. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध एका डावात १०३ धावांत आठ बळी, ही त्यांच्या आयुष्यातील सर्वोत्तम नोंद त्याच दौऱ्यातली. तेव्हा त्यांचे वय पस्तीस होते. हिंदुस्थानने पहिला कसोटी सामना खेळला तो १९३२ साली, बाळूंच्या छप्पन्नाव्या वर्षी. कसोटीच्या यादीत त्यांचे नाव नाही याचे कारण एवढेच की ते फार लवकर जन्मले. परंतु ३३ प्रथम श्रेणीचे सामने, १७९ बळी, सरासरी १५.२१, हे अंक ज्याला वाचता येतात त्याला दुसऱ्या शिफारसपत्राची गरज नाही.

परत आल्यावर मुंबईच्या दलित वर्गांनी त्यांचा सत्कार केला. विद्यार्थिदशेतील भीमराव आंबेडकरांना बाळूंच्या कीर्तीचा अभिमान वाटे, आणि त्यात आश्चर्य नाही. शाळेत ज्यांना गोणपाटावर वेगळे बसविले जाई त्या मुलांपुढे आपल्यातला एक माणूस साहेबांच्या देशात जाऊन साहेबांना बाद करून येतो, हे चित्र केवढे धीर देणारे असेल!

आता या कथेतील खऱ्या प्रश्नाकडे येऊ. बाळू संघात आले, जेवणाच्या पंगतीला बसले, इंग्लंडला जाऊन आले. तरी कर्णधारपद त्यांच्याकडे येईना. अनुभवाने, वयाने आणि गुणाने तेच संघात वडील. १९१३ साली कर्णधार म्हणून नेमले गेलेले एम. डी. पै यांनी सत्काराच्या प्रसंगी स्वतःच सांगून टाकले की हा मान बाळूंचा होता. पै हे सारस्वत ब्राह्मण. त्यांच्या या उदार कबुलीने बाळूंचा गौरव झाला, पण व्यवस्थेत तिळमात्र फरक पडला नाही. संघात घेणे म्हणजे माणसाच्या गुणांचा उपयोग करून घेणे. कर्णधार करणे म्हणजे त्याची आज्ञा मानणे. पहिल्या गोष्टीत लाभ आहे, दुसरीत मानभंगाची भीती आहे. पहिलीला आमचा समाज वीस वर्षांत तयार झाला. दुसरीला तयार होईना.

हा अनुभव केवळ आमच्याकडचा आहे असे नव्हे. इंग्लंडात रग्बी नावाचा लंबगोल चेंडूचा दांडगा खेळ आहे. उत्तरेकडील गिरण्या-खाणींतील कामकरी खेळाडूंना खेळासाठी बुडालेल्या रोजंदारीची भरपाई द्यावी की नाही, यावरून १८९५ साली त्या खेळाची दोन शकले झाली. भरपाई देणाऱ्यांचा तो पुढे रग्बी लीग झाला. हौशी म्हणवून घेणाऱ्यांचा तो रग्बी युनियन. वेल्सच्या कोळशाच्या खोऱ्यांतून पोटासाठी उत्तरेस गेलेल्या खेळाडूस मायदेशीच्या युनियनची दारे कायमची बंद होत. पैसा घेऊन खेळणे हा ज्यांच्या घरी पैसा आहे त्यांच्या मते दोष होता! महिना तीन रुपयांवर चेंडू टाकणाऱ्या बाळूंना ही नीती नवी वाटली नसती.

त्याच वेल्समधील ब्रिनमॉर गावचा रॉय फ्रान्सिस नावाचा कृष्णवर्णी तरुण १९३६ साली, वयाच्या सतराव्या वर्षी, उत्तरेस विगनच्या संघात गेला. गुणांत तो कोणाला हार जाणारा नव्हता. पण १९४६ साली ब्रिटनचा संघ ऑस्ट्रेलियाला निघाला तेव्हा त्याला वगळण्यात आले, आणि तेथील गोऱ्या धोरणाची भीड हेच त्याचे कारण असल्याचे इतिहासकार मानतात. १९४७ साली न्यूझीलंडविरुद्ध तो ब्रिटनकडून खेळला. त्या वर्णाचा पहिला खेळाडू म्हणून. पुढे हल शहराच्या संघाचा तो प्रशिक्षक झाला, १९५६ आणि १९५८ साली त्याने त्या संघाला अजिंक्यपद मिळवून दिले, १९६८ साली लीड्सच्या संघाला वेंब्लीच्या चषकाचा मान मिळवून दिला, आणि ज्या ऑस्ट्रेलियाला खेळाडू म्हणून त्याला नेले नव्हते तेथे १९६९ साली तो एका संघाचा गुरू म्हणून गेला. फ्रान्सिसच्या चरित्रातील मर्माचा भाग त्याने केलेल्या धावांत नाही, तर गोऱ्या खेळाडूंनी त्याचा शब्द मानला यात आहे. अंगबळाची चाकरी आणि बुद्धीचे नेतृत्व यांच्यामध्ये असलेली रेषा त्याने ओलांडली. बाळूंच्या वाट्याला येऊन ठेपलेली रेषाही नेमकी तीच होती.

ती रेषा १९२० साली उघड्यावर आली. चौरंगी सामन्यांच्या त्या हंगामात पै पहिल्या सामन्यास नव्हते. बाळूंना संघातूनच गाळले गेले, आणि त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल, जे त्या वेळी हिंदूंचे आघाडीचे फलंदाज होते, त्यांना डावलून कर्णधारपद पुण्याचे प्रा. दि. ब. देवधर यांच्याकडे गेले. देवधरांची योग्यता वादातीत होती. पण ज्येष्ठतेचा हक्क विठ्ठलांचा होता. तेव्हा विठ्ठल आणि शिवराम यांनी संघातून अंग काढून घेतले आणि आपली भूमिका जाहीर पत्रकाने मांडली. जात पाहून योग्यता डावलली जाते, आणि हे सहन करणे स्वाभिमानाला धरून नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. मुंबईच्या वृत्तपत्रांतून यावर रण माजले. आश्चर्य हे की लोकमत बहुतांशी पालवणकर बंधूंच्या बाजूचे होते. अस्पृश्यतानिवारणाचा ठराव काँग्रेसने नागपुरास केला तो याच वर्षीच्या डिसेंबरात. हवा पालटत होती. अंतिम सामन्याला पै परत आले, बाळूंना उपकर्णधार करून संघात घेण्यात आले, बंधूही परतले. आणि पै यांनी सामन्यात बराच काळ मैदानाबाहेर राहून बाळूंना संघ चालवू दिला. चव्वेचाळीस वर्षांच्या त्या माणसाला हिंदू संघाचे नेतृत्व लाभले ते असे : उसने, एका सज्जनाच्या सौजन्याने, काही तासांपुरते. तो सामना बरोबरीत सुटला.

त्यानंतर तीन वर्षांनी, १९२३ साली, विठ्ठल पालवणकर हिंदू संघाचे रीतसर कर्णधार झाले आणि त्या हंगामाचे अजिंक्यपद हिंदूंनी मिळविले. विठ्ठलांनी पुढे १९४८ साली ‘माझे क्रीडाजीवन’ या नावाने आपली हकिकत लिहून ठेवली आहे. थोरल्या भावाने जी वाट पायांनी तुडविली तिच्यावरून धाकटा मुक्कामाला पोहोचला. बाळूंना कोणी प्रशिक्षकाची पदवी दिली नाही; परंतु शिवराम, विठ्ठल आणि गणपत या तीन भावांना ज्याच्या उदाहरणाने खेळ आणि स्वाभिमान या दोन्हींचे शिक्षण मिळाले त्याला दुसरे काय म्हणावे?

१९२३ हे वर्ष महाडच्या दृष्टीनेही ध्यानात ठेवण्याजोगे आहे. त्या वर्षी ४ ऑगस्टला रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदे कौन्सिलात संमत झाला. सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना मोकळ्या असाव्यात, असा तो ठराव. महाडच्या नगरपालिकेने त्याला अनुसरून १९२४ च्या जानेवारीत चवदार तळे खुले केल्याचे कागदावर नोंदविले. कागदावर तळे खुले झाले, पण घागर काही कोणी भरली नाही. १९ आणि २० मार्च १९२७ या दिवशी महाडास परिषद भरली, डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिचे अध्यक्ष होते, आणि दुसऱ्या दिवशी हजारोंचा समुदाय शांतपणे तळ्यावर गेला व पाणी प्याला. त्यानंतर मारहाण झाली. पुढे गोमूत्र-पंचगव्याचे एकशे आठ घडे ओतून तळे ‘शुद्ध’ करण्यात आले. मग खटला झाला.

या दोन कथा शेजारी ठेवल्या म्हणजे त्यांतील भेद डोळ्यांत भरतो. बाळूंना मंडपात प्रवेश मिळाला तो गुणाने. त्यांनी बळी घेतले म्हणून पेला मिळाला, सामने जिंकून दिले म्हणून पंगत मिळाली, आयुष्यभर निष्ठेने खेळले म्हणून काही तासांचे नेतृत्व मिळाले. प्रत्येक पायरीला किंमत होती, आणि ती त्यांनी पुरेपूर मोजली. ज्यांनी चवदार तळ्याचे पाणी प्याले त्यांनी असली किंमत देण्याचे नाकारले. आम्ही माणसे आहोत, हीच आमची पात्रता, असे त्यांचे म्हणणे. आणि येथेच बाळूंच्या मार्गाची मर्यादा दिसते. ज्याला चेंडू दोन्हीकडे वळविता येतो त्याला समाज एक दिवस पाणी देईल, हे मान्य. पण ज्याला तो वळविता येत नाही त्याने तहान कोठे भागवावी? हजारांत एखादाच बाळू जन्मतो, आणि तहान तर हजारांनाही लागते.

असे असले तरी बाळूंचा मार्ग व्यर्थ होता असे म्हणणे अन्यायाचे होईल. १९२० साली वृत्तपत्रांतून पालवणकरांची बाजू घेणारे जे सवर्ण वाचक होते, त्यांची मने केवळ प्रवचनांनी तयार झाली नव्हती. एका माणसाला वर्षानुवर्षे खेळताना पाहून, त्याच्या यशात आपले यश मानून, त्यांच्या ठायी अन्यायाची चीड उत्पन्न झाली होती. हक्काची मागणी ऐकण्यास जो कान लागतो, तो घडविण्यास मैदानाचे साहाय्य झाले.

दैवयोग असा की या दोन मार्गांची समोरासमोर गाठ पडली. बाळूंचा ओढा गांधीजींकडे आणि काँग्रेसकडे होता. १९३२ च्या सप्टेंबरातील पुणे कराराखाली डॉ. आंबेडकरांच्या सहीबरोबर पी. बाळू यांचीही सही आहे. धर्मांतराची घोषणा येवल्यास १९३५ साली झाली तेव्हा बाळूंना ती मानवली नाही. आणि १९३७ च्या फेब्रुवारीत मुंबई कायदेमंडळाच्या निवडणुकीत काँग्रेसने बाबासाहेबांविरुद्ध जो उमेदवार उभा केला तो होता बाळू पालवणकर. तरुणपणी ज्याच्या कीर्तीने आपली मान उंचावली त्याच्याशीच झुंजण्याचा प्रसंग बाबासाहेबांवर आला. आणि बाळूंना वयाच्या एकसष्टीला आपल्याच लोकांच्या सर्वश्रेष्ठ नेत्यापुढे उभे करण्यात आले. आंबेडकरांना १३,२४५ मते मिळाली, बाळूंना ११,२२५. दोन हजारांच्या अंतराने बाळू हरले. लगेच पुढच्या महिन्यात, १७ मार्च १९३७ रोजी, मुंबईच्या हायकोर्टाने चवदार तळ्याच्या खटल्याचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने दिला.

या निवडणुकीवरून बाळूंना दूषण देणारे आहेत. आम्हांस तो न्याय कठोर वाटतो. ज्या माणसाला हिंदू संघाने आधी मंडपाबाहेर आणि मग मंडपात बसविले, ज्याने आपल्या डोळ्यांनी मातीचे भांडे जाऊन पेला आलेला पाहिला, त्याची या समाजाच्या हृदयपरिवर्तनावर श्रद्धा बसली तर ती त्याच्या अनुभवाला धरूनच होती. ज्याच्या वाट्याला बडोद्याच्या नोकरीत लांबून फेकलेल्या फायली आणि राहावयास न मिळालेले घर आले, त्याची श्रद्धा कायद्यावर आणि संघटनेवर बसली, तीही त्याच्या अनुभवाला धरून. मतदारांनी दुसऱ्याला निवडले, आणि इतिहासाने त्यांचा कौल खरा ठरविला. सौजन्याने दिलेले सौजन्याच्या अभावी परत घेता येते. हक्काचे तसे घेता येत नाही. पै मैदानाबाहेर गेले म्हणून बाळू कर्णधार झाले. पै आत राहिले असते तर?

४ जुलै १९५५ रोजी बाळू पालवणकर मुंबईस निवर्तले. तोवर राज्यघटनेने अस्पृश्यता गुन्हा ठरवून पाच वर्षे लोटली होती, आणि जातिधर्मांच्या नावाने भरणारे ते चौरंगी-पंचरंगी सामनेही १९४६ साली बंद झाले होते. मुंबईत प्रभादेवीला त्यांच्या नावाचा एक रस्ता आहे. त्यावरून रोज जाणाऱ्यांपैकी किती जणांना तो कोण बाळू हे ठाऊक असेल, कोण जाणे. महाडच्या तळ्याकाठी मात्र दर वर्षी मार्चच्या विसाव्या दिवशी हजारो लोक जमतात. त्यांच्या आदल्या दिवशी, म्हणजे एकोणिसाव्याला, बाळूंचा जन्मदिवस पडतो. महाड-पोलादपूरकडच्या शाळांतून विसाव्या तारखेचे महत्त्व मुलांना सांगितले जाते तेव्हा एकोणिसाव्याचाही थोडा उल्लेख व्हावा. मैदानावर चेंडू टाकणाऱ्या मुलाला त्यातून एवढे समजले तरी पुरे की संघात जागा मिळणे हा सन्मानाचा आरंभ आहे, शेवट नव्हे. आणि तहान लागली म्हणजे पाणी पिण्यासाठी आधी कोणाला बाद करून दाखवावे लागत नाही.